मेणखाऊ पाखराची आणि दिरामूच्या पाठवणीची बखर

रानांतील मधाचीं पोळीं जिच्या कृपेनें भरतात त्या वनमाउलीस नमन. शके सोळाशें ऐशीं, बहुधान्य नाम संवत्सरे, समुद्रापार आफ्रिकाखंडीं, हबशांचा मूळ मुलूख जो हबसाण, त्याचे दक्षिणेस एक राज्य, त्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाही, तेथील वर्तमान ऐसें जें: त्या मुलखीं मेणखाऊ पाखरांची सत्ता. थोरल्या वाळवंटाखालून थेट दक्षिण समुद्रापावेतों त्यांचा अंमल, आणि माळरानें व विरळ झाडी हीं त्यांचीं ठाणीं. घनदाट काळोख्या रानांत मात्र पाऊल घालीत नाहींत. देह चिमणीहून थोर, पोशाख मातकट, गालावर पांढरा ठिपका, आणि खाणें काय, तर मेण! पोळें फोडण्याचें बळ अंगीं नाही, म्हणून माणसास हाका मारून पोळ्यापाशीं नेतात, आणि माणसानें मध घ्यावा, मेण त्यांस द्यावें, ऐसा पूर्वापार करार. अंडीं तेवढीं दुसऱ्याचे घरट्यांत घालतात. पण थोरांच्या घरचें आपण कशास बोलावें?

मग त्या राज्यांत हलाकेबावा म्हणून मध काढणारे बहुत नामांकित. त्यांची एकुलती कन्या दिरामू, तिचें लग्न ठरलें. बापानें मधाचा बुधला काठोकाठ भरून व्याह्यांस दिल्याशिवाय नवरी घर सोडीत नाही, ऐसा तेथील रिवाज. वऱ्हाड दारीं येऊन बसलें आणि हलाकेबावा बुधला घेऊन रानीं गेले, आणि मुठींत फुंकून शीळ घातली, आणि पाखराची स्वारी हजर जाहली, आणि फांदोफांदीं चरचर बोलत त्यांस एका लहानशा पोळ्यापाशीं नेती जाहली. मग धूर केला, मध काढिला, बुधला अर्धा भरला. आतां मध काढणारांची रीत ऐसी कीं बुधला भरेतों पाखरास चिमूटभरच मेण द्यावें, भुकेलें ठेवावें, म्हणजे तें पुढील पोळें दाखवितें. हलाकेबावांनीं सगळेंच मेण पुढें ठेविलें आणि म्हणाले, "खा रे राजा, पोटभर खा." मग काय विचारतां! स्वारी खाऊन तुडुंब जाहली आणि बाभळीवर डोळे मिटून बसली.

इकडे चालतू नामें विहीणबाई संतापून बोलिल्या, "सूर्य मावळेतों बुधला न आला तर आम्ही नवरीवांचून माघारीं जाऊं!" मग दिरामू स्वतः रानीं धांवली, तों बाप झाडाखालीं स्वस्थ बसलेला.

"बाबा, अहो त्याला उठवा ना!"

"निजलेल्यास उठवूं नये, बाळ. बैस जरा."

मग ती बापास टेकून बसली, आणि दोघें तिच्या लहानपणच्या खोड्या आठवून पोट धरून हसलीं, आणि तिची वेणी सुटली ती त्यांनीं मधाळ हातांनीं घातली, आणि केस चिकटून एकच घोटाळा जाहला. ऊन कलतां पाखरूं जागें जाहलें, आणि भुकेनें ओरडूं लागलें, आणि मोठें पोळें दाखवितें जाहलें, आणि बुधला भरला. सूर्य अजून कासराभर वर होता. परततांना दिरामूनें पुसिलें, "बाबा, जन्मभर मध काढिलात. पोट भरलेलें पाखरूं वाट दाखवीत नाही, हें तुम्हांस ठाऊक नव्हतें?"

हलाकेबावा बोलिले, "ठाऊक होतें गे."

मग दिरामूनें आपलें पाऊल मंद केलें.

येणेंप्रमाणें मेण पाखरास पावलें, मध व्याह्यांस पावला, कन्या परघरीं गेली, आणि हलाकेबावांस लेकीसंगें एक दुपार लाभली. एवढें लिहून बोरू ठेविला.