पाण्याच्या रेषेखालचा विषय

खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक नावेवर मासे दाखवणारं यंत्र असलंच पाहिजे, असा निर्णय कुआला समेरा जिल्ह्याच्या मासेमारी खात्यानं घेतला. यंत्र नसेल त्याचा खोल पाण्याचा परवाना रद्द होणार होता आणि त्यानं किनाऱ्यालगतच्या खाजणात मासे धरावेत अशी सोय केलेली होती. खाजणात गेली कित्येक वर्षं चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या सोडून गळाला काही लागत नव्हतं, पण पिशव्यांना परवाना लागत नाही.

देरामन तांडेलाला या निर्णयाचा आनंदच झाला. गावात सगळे त्याला पाक सू, म्हणजे धाकटे काका, म्हणत. मासा कुठे गेला या काळजीनं धाकट्या काकांचे केस पांढरे झाले होते, त्यामुळे एकदा तळ दिसला की जीव भांड्यात पडेल असं त्याला वाटत होतं. तो मासेमारी खात्यात जाऊन तिथल्या रोसदीसाहेबांपुढे उभा राहिला. साहेबाला तिकडे तुआन म्हणतात.

"पडदा कसलाही द्या तुआन, पण ट्रान्सड्यूसर दणकट द्या. पाण्यात आवाज सोडतो तो तोच, आणि परत आलेला ऐकतो तोही तोच. पडदा नुसतं चित्र काढतो."

"पाक सू, पाण्याच्या रेषेवरचं सगळं आमच्या खात्याकडे," रोसदी शांतपणे म्हणाले. "रेषेखालचा विषय नौका खात्याचा. तुमचा ट्रान्सड्यूसर खाली बसतो, त्याला आम्ही काय करणार?"

नौका खात्यानं नियम समजावून सांगितला. ट्रान्सड्यूसर बसवायचा तर नावेच्या बुडाला भोक पाडावं लागतं. भोक असलेल्या नावेला समुद्रात जायचा दाखला मिळत नाही आणि दाखला नसलेल्या नावेला भोक पाडायची परवानगी मिळत नाही. भोक आधीच पाडून आणलं तर चालेल का, असं देरामननं विचारलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी पंखा बंद केला आणि त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

ट्रान्सड्यूसर राहिला बाजूला, निवडायला उरले फक्त पडद्याचे इंच. बायको कल्सोम हिच्या भावानं नऊ इंची पडदा घेतला होता आणि तेव्हापासून तो चहाच्या टपरीवर ताठ बसायला लागला होता. कल्सोमनं नवऱ्याला बजावलं की सात इंची आणलास तर तो घेऊन नावेतच झोप. देरामननं बारा इंची घेतला.

बसवणाऱ्यानं यंत्राच्या पोटात भरलेलं नमुन्याचं चित्र चालू करून दिलं. दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला कंपनी ते ठेवते. पडद्यावर ऐंशी मीटर पाणी दिसू लागलं आणि त्यातून सुरमईचे थवेच्या थवे निघाले. तेव्हा ओहोटी होती आणि नाव चिखलात रुतून बसली होती.

त्याच चिखलातून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रोसदी तपासणीला आले. देरामननं खरं ते सांगितलं, की तुआन, ही सुरमई नमुन्याची आहे. रोसदी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "नमुना असा आहे, तर माल कसा असेल." त्यांनी मासे मोजले, परवान्यावर शिक्का मारला आणि पुढच्या नावेवर गेले. तिथंही तीच सुरमई त्याच क्रमानं पोहत होती. त्या वर्षी जिल्ह्यातला मासा दुप्पट झाला. नावा मात्र रिकाम्याच परत येत होत्या, त्याबद्दल अहवालात नोंद झाली: मासे मुबलक, परंतु त्यांचे सहकार्य अपेक्षित.

पुढे नौका खात्यानंच तोडगा काढला. भोकाला त्यांनी खिडकी म्हणायचं ठरवलं, आणि खिडकीला कोणताच नियम आडवा येत नव्हता. ट्रान्सड्यूसर बसला. देरामननं नाव खोल पाण्यात नेली आणि श्वास रोखून यंत्र चालू केलं. पडद्यावर तळाची एक सरळ रेघ उमटली. तिच्यावर काहीच नव्हतं. बाप जिथे हेकरू मासा काढायचा ती पाण्याखालची खडपं त्यानं एकेक करून पालथी घातली. सगळीकडे तीच रेघ होती. नाव वळवून तो थेट खात्यात गेला, कारण हे कोणाला तरी कळायला हवं होतं.

रोसदी हादरले. "कालपर्यंत हजारो होते आणि आज एक नाही? सगळे तुम्ही उपसलेत? परवाना ठेवा इथं टेबलावर."

"तुआन, ते कधी नव्हतेच."

"मग मी मोजलं काय, पाक सू?"

देरामनला परवाना टिकवायचा होता. आपल्याला दिसत नसेल, वय झालं, उद्या पुन्हा बघतो, असं काहीतरी पुटपुटून तो नावेवर आला. ट्रान्सड्यूसरची वायर त्यानं स्वतःच्या हातानं उपटली. पडद्यावर नमुन्याची सुरमई लगेच परत आली. त्याला रडू फुटलं, पण खाजण आठवलं आणि त्यानं डोळे पुसले.

एका रात्रीत समुद्र पुन्हा भरल्याबद्दल खात्यानं त्याचा सत्कार केला. हार घालून, पडद्याशेजारी उभं करून त्याचा फोटो काढला. तो फोटो फिरत फिरत तुमच्याही फोनवर आला. समुद्र सावरला हे फोटोखाली वाचून तुम्हाला बरं वाटलं आणि तुम्ही तो हात जोडून चार जणांना पाठवलात. मग बाजारात गेलात आणि कोळणीच्या टोपलीपुढे उभं राहून तिला झापलंत, की एवढा मासा असताना सुरमईला हा भाव लावायला तुला लाज कशी वाटत नाही.