वामनभाऊंचा फिरता कूलर

आमच्या गल्लीत शर्ट खोचलेला अनोळखी माणूस शिरला, की शेजारचे वामनभाऊ आपला कूलर उचलून माझ्या घरी आणून ठेवतात. टाकीतलं पाणी उपसायला वेळ नसतो, त्यामुळे त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत ओली रेघ उमटते. चौकशीला आलेल्या साहेबाने नुसती खाली मान घातली तरी कूलर कुठे गेला ते त्याला कळेल, असं मी म्हणाले. तेव्हापासून कूलरच्या डोक्यावर रेघ पुसायला एक पोछाही येऊ लागला.

अकोल्यात मे महिन्यात कूलरला कोणी श्रीमंती म्हणत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"सावध रायलेलं बरं, बाई," ते म्हणाले. मी शाळेत शिकवते म्हणून सगळ्या गल्लीची बाई.

वामनभाऊ शाळेचे गणवेश शिवतात. यंदा हिवाळ्यात त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली, फार लांबवू नका म्हणाले आणि तोवर वजन उचलायला मनाई केली. सरकारी योजनेतून ऑपरेशन फुकट होतं, पण त्यासाठी घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत हवं. वामनभाऊंचं थोडं वर निघालं. अगदी थोडं. त्यांनी फेरचौकशीचा अर्ज केला, आणि गरिबी नुसती असून भागत नाही, दिसलीही पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तहसीलीत जायला त्यांनी एका चांगल्या शर्टाची कॉलर मुद्दाम फाडली. पण हाडाचा शिंपी माणूस. फाटकी कॉलर गळ्याभोवती घेऊन त्यांना घास उतरेना. निघण्याआधी त्यांनी ती इतकी बारीक रफू केली की शर्ट नव्याहून छान दिसू लागला. खिडकीवरच्या कारकुनाने शिलाई कुठली म्हणून विचारलं. वामनभाऊंनी दुकानाचा पत्ता दिला आणि घरी येऊन कपाळाला हात लावला.

त्यांच्याबरोबर थोरली बहीण राहते, कमलताई. नवरा मूर्तिजापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये होता, त्याची थोडी पेन्शन ताईंना मिळते. त्यांना उकाडा सोसत नाही, म्हणून कूलर माझ्याकडे आला की मागोमाग त्याही येतात. कूलरसमोर बसून माझी भाजी निवडतात आणि भावाचा उद्धार करतात. "वामन्या लहानपनापासून असाच भेदरट हाय," म्हणतात आणि तेवढ्यात तो धापा टाकत आला, की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात.

अखेर एका दुपारी खरोखरच तलाठी आले. कूलर आणि ताई माझ्या घरी पोचल्या होत्या. शेजारी म्हणून जबाब द्यायला मला बोलावलं होतं. तलाठी पोरगेलासा, घामाने निथळत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"काका, कूलर नाही? राहता कसे?"

वामनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

पोरगा समजूतदार निघाला. कूलर-पंख्यावरून काही ठरत नाही, म्हणाला. ताईंची पेन्शन या घरात मोजली जाते, तेवढ्यानेच आकडा वर जातो. रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करा, त्यांचं वेगळं कार्ड काढा, उत्पन्नाचा दाखला मिळून जाईल.

मला हायसं वाटलं. तो गेल्यावर मी म्हणाले, "उद्याच नाव कमी करायला जाऊ. नुसता कागद आहे. ताई कुठे जाणार नाहीत की येणार नाहीत."

वामनभाऊ मशीनवर बसले होते. पाय पायट्यावर होता, मशीन बंद होतं.

"ताईचे मालक गेले तवा सासरच्यायनं पयले कार्डावरचं तिचं नाव कापलं, बाई. मंग तिले पेटी देऊन इथं आनून सोडलं. लय दिवस ताई दारातच बसून राहे. म्या नवीन कार्ड आनून तिचं नाव वाचून दाखवलं, तवा आत आली." त्यांनी पायट्यावरचा पाय काढून घेतला. "एकदा कापलं. आता दुसऱ्यांदा म्या कापू?"

मी म्हणाले, तुम्हाला काही झालं तर ताईंकडे कोण पाहणार? हा हिशोब त्यांनीही केलेला असणार. मी निघाले तेव्हा त्यांनी मला एवढंच बजावलं, की यातलं ताईच्या कानावर जाऊ देऊ नका. तिला कळलं तर ती स्वतःच चालत जाऊन नाव कापून येईल.

अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी चौकशी लावली आहे. "बघू" एवढंच उत्तर आलंय. रात्री भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू येतो.

परवा गल्लीत कुरियरवाला आला. दारावर थाप पडली. बाहेर वामनभाऊ, कूलर, पोछा. चेहरा पांढरा पडलेला.

मी चिडले. कूलरचा काही संबंध नाही हे तलाठ्याने तोंडावर सांगितलं होतं, मग हे कशाला?

त्यांनी मागे वळून पाहिलं. ताई काठी टेकत येत होत्या, अजून लांब होत्या.

"तिले सांगतलं हाय, कूलर हाय हे साहेबाले कळलं म्हनून अडलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता लपवनं सोडलं तं ताई इचारन, मंग कायनं अडलं?"

ताई जवळ आल्या. "एका कूलरपायी जीव अडकवला वामन्याचा," त्या म्हणाल्या. "इकून टाक म्हनलं तं आयकत नाही."

मी कूलरची दुसरी बाजू धरली. जड होता, टाकी भरलेली होती.