आजोबा गळाला लागतात

तिहोमीर आजही आला. हातात घरच्या प्लमच्या दारूची बाटली, काखेत टॅब आणि पाणी लावून मागे वळवलेले केस.

"वहिनी, आजोबा आजही निसटले!" दारातूनच तो ओरडला.

"लगेच ओढलास ना? त्याला आधी दमू दे म्हणून किती वेळा सांगितलं!" असं म्हणत रादिंकाने सोफ्यावर त्याला जागा करून दिली. समोरच्या खुर्चीतल्या मिलोयेला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कुणीच काही विचारलं नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीने रादिंकाला टॅबवर शेतीचा खेळ घालून दिला होता. त्यात नांगरायचं, गाई पाळायच्या, तळ्यात मासे धरायचे. पाऊस असेल तेव्हाच वर येणारा एक मिशाळ मासा होता, त्याचं नाव आजोबा. तो काही कुणाच्या हाती लागत नव्हता. इकडे मिलोयेने खऱ्याखुऱ्या डॅन्यूब नदीतून माणसाएवढे मासे ओढून काढले होते. आणि त्याचा नदीवरचा जन्माचा जोडीदार तिहोमीर मासेमारी शिकायला येत होता त्याच्या बायकोकडे!

"दोघं मिळून बोटांनी मासे धरतायत," मिलोये कुरकुरला.

"तू नदीवर जा ना," रादिंका मान वर न करता म्हणाली. "तुझा श्वास ऐकू येतो, आमचं लक्ष उडतं."

मिलोयेच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ती व्यायामाला दवाखान्यात गेली आणि त्याने तिचा टॅब उघडला. खेळातही पाऊसच होता. त्याने गळ टाकला. आजोबांनी झटका दिला, गळ तुटला. दुसरा टाकला, तोही तुटला. चांगला गळ दुकानात होता, पण त्यासाठी काहीतरी विकणं भाग होतं. त्याने भोपळे विकले, कोंबड्या विकल्या, शेवटी मन घट्ट करून रादिंकाची लाडकी गाय बेल्का विकली.

मग मात्र त्याने आजोबांना डॅन्यूबच्या माशासारखंच वागवलं. ओढलं, सोडलं, दमवलं, शिव्या दिल्या. आणि आजोबा आले! मिलोयेने अशी आरोळी ठोकली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तेवढ्यात पडद्यावर दोन बटणं आली, 'ठेवा' आणि 'शेजाऱ्याला भेट द्या'. आनंदाच्या भरात त्याने जाडजूड अंगठा दाबला. तो भलत्याच बटणावर पडला.

खेळातला शेजारी होता तिहोमीर.

रादिंका घरी येऊन कोट काढते न काढते तोच तो फुलं घेऊन हजर झाला. त्याचे डोळे भरून आले होते. "वहिनी! आजोबा मला? उभ्या आयुष्यात मला कुणी असं काही दिलं नाही हो!" आणि त्याने तिच्या गालांचे तीन मुके घेतले.

"मी कशाला देऊ?" रादिंकाने टॅब पाहिला. "अरे देवा! बेल्का कुठाय?"

मिलोये खिडकीबाहेर बघत होता. गप्प राहिलं तर मासाही तिचा आणि मुकेही तिचे. बोललं तर गाय आपल्या अंगावर. पण तीन मुक्यांपुढे त्याला गाय हलकी वाटली.

"मी धरला," तो म्हणाला. "आणि गायही मीच विकली."

तिहोमीर त्याच्याकडे वळला. "तू धरलास? कसा रे?"

"आधी सैल सोडायचं. त्याची मिशी डावीकडे वळली की मग..."

"थांब, थांब, बसून सांग!"

दुसऱ्या दिवशी रादिंकाने नवा ब्लाउज घातला, कॉफी चढवली आणि सोफ्यावर नेहमीची जागा करून ठेवली. बेल वाजली. दारात तिहोमीर उभा होता, बाटली आणि टॅब घेऊन.

"वहिनी, मिलोये आहे ना घरी?"

रादिंका बाजूला झाली. आतून दोघांचं खिदळणं सुरू झालं, तसा तिने कॉफीचा एक कप परत कपाटात ठेवला. जरा आपटूनच.