मामांच्या पूर्ण संमतीने

सरकारी बाईंचं भाषण ऐकून यॉ ओपारे तडक दुकानात परतला. कुमासी शहराच्या बांतामा भागात त्याचं छपाईचं दुकान. त्या शहरात कुणी वारलं की चौकात भलामोठा रंगीत शोकफलक लागतो. वर फोटो, खाली विधवा, मुलं, मुख्य शोककर्ते अशी नावांची उतरंड. यॉचे फलक इतके देखणे, की धडधाकट माणसंही थांबून हेव्यानं बघत. आजवरचा प्रत्येक फलक त्यानं दुकानाच्या फेसबुक पानावर हौसेनं टाकला होता. आणि आता बाई सांगत होत्या, की कुणाचाही फोटो, कुणाचंही नाव त्या माणसाला न विचारता इंटरनेटवर टाकलं तर नव्या कायद्यानं तक्रार होईल, दुकानाला टाळंही लागेल.

यॉनं पान उघडलं. एकाहून एक सुंदर चेहरे, पण परवानगी द्यायला त्यातलं कुणीही हयात नव्हतं. जड मनानं त्यानं सगळे फलक पुसून टाकले. पण रिकामं पान बघून गिऱ्हाईक कशाला येईल? विचार करकरून त्याचं डोकं शिणलं आणि मग एकदम उजेड पडला. परवानगी जिवंत माणूसच देऊ शकतो, तर फलकही जिवंत माणसाचाच टाकावा.

त्याचे मामा, आसुबोंतेंग, आयुष्यभर लॉरी चालवून आता ओसरीत बसलेले. अंगानं भरदार, फोटोची भारी हौस. त्यांनी ठेवणीतलं रंगीबेरंगी केंटे कापड खांद्यावर घेतलं आणि यॉच्या फोनसमोर खणखणीत आवाजात संमती दिली. वयातली सात वर्षंही तेवढ्यात कमी करून घेतली.

फलक रिकामा दिसू नये म्हणून यॉनं ‘विधवा’ पुढे मामीचं नाव घातलं, आमा सेरवा. मुख्य शोककर्ता म्हणून मामांचा धाकटा भाऊ दारको. वडिलांचं कापड मागून नेऊन त्यानं त्यावर पामतेल सांडलं, तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पण फलकाला त्याचं काय? तळाशी यॉनं ‘नमुना’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि रात्री फलक पानावर टाकला. फोनवर चित्राचा तळ कापला जातो, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारकोचा सुन्यानी शहराहून फोन आला. त्याला रडू आवरत नव्हतं. बस भरून माणसं घेऊन निघालोय, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला आणि नंतर काही तो लागेना. यॉचं धाबं दणाणलं. तो तसाच मामांकडे धावला.

मामा ओसरीत आरामात फोन वाचत होते. फलकाखाली जुने लॉरीवाले लिहीत होते, की असा दिलदार माणूस पुन्हा होणे नाही. ज्यांनी कधी साधा रामराम केला नाही, त्यांनीही चार चार ओळी खरडल्या होत्या.

“मामा, लगेच काढून टाकतो,” यॉ म्हणाला. “घोटाळा झालाय.”

“हात तर लावून बघ. फोटो माझा, परवानगी माझी. मला न विचारता काढलास तर मीच तक्रार करीन.”

यॉ कपाळाला हात लावून बसला. दुपारी बस आली. काळ्या-लाल सुतकी कपड्यांतली माणसं गळा काढतच उतरली, आणि समोर मयत कांडलेल्या कंदांच्या फुफूच्या वाडग्यात बोटं बुडवून बसलेलं बघून जागच्या जागी थबकली.

दारको पुढे आला. त्याचे डोळे सुजले होते. “दादा, तू गेला नाहीस?”

“अजून तरी नाही. हातात काय आहे?”

वडिलांचं कापड होतं. डाग कधीच निघाला होता. भावाच्या अंगावर घालायला आणलं होतं. मामांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि दारकोला जवळ ओढलं. दोघंही म्हातारे हमसून हमसून रडले. यॉचेही डोळे भरून आले. वाचलो बाबा, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात मामी मागच्या अंगणातून आली. अख्ख्या बसला पुरेल एवढं फुफू कांडायचं तिच्याच नशिबी आलं होतं. हातात मुसळ तसंच.

“फोटो यांचा, परवानगी यांची. झकास. आणि ती विधवा कोण रे, यॉ? माझं नाव कुणाला विचारून छापलंस?”

यॉच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाचंही नाव, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मामा मात्र पोट धरून हसत होते.

“तक्रार करणार नाही,” मामी म्हणाली, “पण असाच फलक माझाही कर. माझी परवानगी आहे. खाली विधुर म्हणून यांचं नाव घाल, आणि श्रद्धांजली यांनी स्वतःच्या हातानं लिहायची. मी गेल्यावर हा माणूस काय लिहिणार, ते मला आत्ताच वाचायचंय.”

मामांचं हसू थांबलं. अंगणात पाहुण्यांनी ढोल काढले, दारको नाचायला लागला. मामा कागद घेऊन ओसरीतच अडकले. ऊन कलेपर्यंत त्यांनी ‘फुफू उत्तम करायची’ एवढं लिहिलं. मामी मुसळासकट पाठीशी उभी होती.

“बरं,” ती म्हणाली, “पुढं?”