खिडकीतली तेजी

"सासूबाई, तुम्ही खिडकीत बसा. आचारी तुमच्या समोर बसेल," उपाहारगृहाचा मालक म्हणाला.

"आचारी? माझ्यासमोर? का म्हणून?"

"जोडपं दिसायला हवं."

"कुणाचं?"

या प्रश्नाचे उत्तर मालकाकडे नव्हते. ते त्याच्या साडूकडे होते. साडू अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे हा त्याच्या व्यासंगाचा खास प्रांत होता.

मंदी काही एकदम आली नव्हती. ती शिष्टाचार पाळत आली होती. आधी लोकांनी जेवणानंतरचे गोड सोडले आणि प्रकृतीचे कारण सांगितले. मग बीअरचा दुसरा ग्लास सोडला आणि तत्त्वाचे कारण सांगितले. पुढे चौघे मिळून एक सूप आणि चार चमचे मागवू लागले, तेव्हा कारण सांगणेच सोडून दिले. अखेरीस माणसे केवळ हात धुवायला येत आणि जाताना सवयीने दात कोरायची काडी उचलत.

हे सारे जागेची मालकीण रोज पाहत होती. सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवताना ती त्या मोठ्या खिडकीसमोर थांबे, कुत्राही थांबे, दोघेही आतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे सारख्याच नापसंतीने बघत.

"रिकामं हॉटेल माझ्या इमारतीला शोभत नाही हो," तिने एकदा मालकाला स्वच्छ सांगितले होते. "दातांचा डॉक्टर जागा मागतोय. त्याच्याकडे लोक रांग लावून बसतात, रडत का होईना. महिनाअखेरपर्यंत बघते. गर्दी दिसली तर करार पुढे चालू, नाहीतर चावी त्याला."

अर्धे आयुष्य ज्या भट्टीपुढे गेले ती उखडून तिथे दात उपटले जाणार, या कल्पनेने मालकाची झोप उडाली होती. म्हणून त्याने साडूचा सल्ला घेतला. बुडत्या माणसाच्या हातून अशा चुका होतात.

"लोक अन्न बघून आत येत नाहीत. लोक लोकांना बघून येतात," प्राध्यापक म्हणाला. "मंदी ही मुळात मनोवस्था आहे."

"पण आत लोक असते तर मला लोक हवे कशाला होते?"

"घरात आहेत ना? मेव्हणे, आत्या, मावश्या? लग्नाला आले तेव्हा हॉल पुरला नव्हता तुला!"

"आणि त्यांना खायला काय घालायचं?" मालकाच्या बायकोने विचारले. स्वयंपाकघरात कांद्यांशिवाय फारसे काही उरले नव्हते, हे तिला ठाऊक होते.

"झाकणाच्या डिश मांडायच्या. झाकण उचलायचं, वाफ आल्यासारखं तोंड मागे घ्यायचं आणि चघळायचं. चघळणं खरं हवं. घास असलाच पाहिजे असं शास्त्र कुठेही म्हणत नाही."

त्या संध्याकाळी उपाहारगृह भरले. खिडकीत सासूबाई आणि मालकाच्या लग्नातला कोट घातलेला आचारी. त्यांच्यामागे मालकाची बायको आणि तिची बहीण. मधल्या टेबलांवर चुलत-मावस गोतावळा. आणि कोपऱ्यात 'एकटा जेवणारा सुशिक्षित ग्राहक' या नात्याने पुस्तक उघडून स्वतः प्राध्यापक. वेटरला वाढायला काहीच नसल्यामुळे त्यालाही टाय बांधून बसवले होते. सगळे मन लावून हवा चघळत होते. जागामालकीण कुत्र्यासह खिडकीपाशी थांबली. कुत्र्याने वास घेतला आणि तो गोंधळला. तिने मात्र समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात खराखुरा चमत्कार झाला. एक तरुण जोडपे दार ढकलून आत आले, भोवताली पाहून "अरेरे, फुल्ल आहे!" म्हणाले आणि निघून गेले. मालक त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावला. अनोळखी माणूस हातवारे करत पाठी लागलेला पाहून ती दोघे अधिक वेगाने धावली.

"अहो, खरं गिऱ्हाईक गेलं!" तो धापा टाकत परतला.

"अभिनंदन!" प्राध्यापक म्हणाला. "ग्राहक परत पाठवावा लागणं, हे भरभराटीचं पहिलं लक्षण."

मालकाने दुसऱ्या दिवशी एक टेबल मुद्दाम रिकामे ठेवले आणि उधारीवर चार मासे आणून ठेवले. त्यावर एक वयस्क गृहस्थ येऊन बसले आणि त्यांनी भाजलेले मासे मागवले. मालकाने आचाऱ्याला डोळ्यांनी खुणावले. आचारी उठू लागला, तोच सासूबाईंनी त्याची बाही धरली.

"कुठे निघालात? मला अशी एकटीला टाकून? खिडकीत बसलेय मी! रस्त्यावरचे लोक काय म्हणतील?"

"अहो आजी, मासे भाजायचेत."

"चारचौघांत आजी म्हणू नका!"

मालक वेटरकडे वळला. "तू तरी ऊठ. त्यांना पाणी दे."

वेटरने डिशवरून मान वर केली नाही. "मी गिऱ्हाईक आहे आत्ता. आणि राग मानू नका, पण सर्व्हिस फार ढिली आहे तुमची. कालपासून बसतोय, एकदा तरी कुणी विचारलं का, आणखी काही हवंय का म्हणून?"

"बरोबर बोलला!" चुलत-मावस टेबलांवरून आवाज उठला. एका मामेभावाने तक्रारवही मागितली. वयस्क गृहस्थांनी हा सारा गोंधळ पाहिला, शेजारच्या टेबलावर झाकण उचलून निर्विकारपणे काहीही न खाणाऱ्या दोन बायका पाहिल्या, टोपी घेतली आणि ते पाठ न वळवता, उलट्या पावलांनी बाहेर पडले.

प्राध्यापकाला मात्र यशाची खात्री वाटत होती, कारण त्याच्या हाती आता आकडे होते. शहरातील उपाहारगृहांत किती लोक जेवतात याची पाहणी त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडे सोपवली होती. आत जाऊन जेवण्याइतका निधी विद्यापीठाकडे नसल्याने विद्यार्थी पदपथावर उभे राहून काचेतून डोकी मोजत. त्यांनी सासूबाईंना मोजले, आचाऱ्याला मोजले, आणि कोपऱ्यात पुस्तकामागे हवा चघळणाऱ्या आपल्या गुरूलाही इमानेइतबारे मोजले. आकडे गुरूच्या टेबलावर आले. त्याने ते वाचले आणि मंदी संपल्याचे निवेदन त्याने त्याच रात्री वर्तमानपत्राकडे पाठवले.

"पण त्यातलं एक डोकं तुझंच आहे ना!" मालक ओरडला.

"व्यक्तिगत अनुभवाला शास्त्रात स्थान नसतं," प्राध्यापक थंडपणे म्हणाला.

महिनाअखेरीला जागामालकीण आत आली. तिच्या एका हातात कुत्र्याचा पट्टा होता, दुसऱ्यात ते वर्तमानपत्र. गोतावळ्याने चघळण्याचा वेग वाढवला.

"करार पुढे चालू," ती म्हणाली. मालकाच्या जिवात जीव आला. "फक्त भाडं दुप्पट. तेजी आलीय म्हणे; तुमच्याच साडूंनी लिहिलंय. पहिला हप्ता आत्ताच द्या, नाहीतर डॉक्टर बाहेर गाडीत बसलाय."

मालकाने साडूकडे पाहिले. साडूने पुस्तकाचे पान उलटले. खरे सांगावे तर गर्दी खोटी ठरते आणि जागा जाते. खोटेच चालवावे तर भाडे द्यावे लागते, आणि गल्ल्यात दात कोरायच्या काड्यांखेरीज काही नव्हते. मालक शांतपणे स्वयंपाकघरात गेला, एक झाकणाची डिश घेऊन आला आणि त्याने ती दोन्ही हातांनी जागामालकिणीपुढे ठेवली.

"हे घ्या भाडं. दुप्पट."

तिने झाकण उचलले. डिश लख्ख रिकामी होती.

"यात तर काहीच नाही!"

"प्राध्यापकांना विचारा," मालक म्हणाला. "देणं खरं हवं. नोट असलीच पाहिजे असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. काय रे?"

सर्वांचे चघळणे थांबले. प्राध्यापकाने पुस्तक नाकापर्यंत वर उचलले.

"चव लागायला वेळ जातो हो," सासूबाई समजुतीने म्हणाल्या. "आम्हालाही लागला."

जागामालकिणीने खुर्ची ओढली आणि आवाज उतरवला.

"दुप्पट दिलंत, असं कागदावर लिहून द्याल?"

"म्हणजे?"

"माझ्या बाकीच्या तिन्ही जागा ओस पडल्यात. डॉक्टरसुद्धा भाडं परवडत नाही म्हणतोय. मघाशी नुसतं तुम्हाला घाबरवलं, गाडी माझ्या भाच्याची आहे. बँक इमारत ओढून घ्यायला टपलीय. भाडी वाढतायत असा कागद दाखवला तर मुदत मिळेल. त्यांना तरी कुठे नोटा बघायच्यात!" तिने झाकण जपून पुन्हा बसवले. "भाडं पोचलं. फक्त एक करा, ही गर्दी हलवू नका. बँकेचा माणूस कधीही खिडकीतून बघून जाईल."

मालकाने कागद लिहून दिला. भट्टी वाचली. प्राध्यापकाने पुस्तकाच्या समासात 'भाड्यांत लक्षणीय वाढ' असे टिपून ठेवले.

सासूबाईंना मात्र खरीच भूक लागली होती. त्यांनी पिशवीतून घरचा डबा काढला, झाकणाच्या डिशमध्ये गरम बटाटे ओतले, अर्धे आचाऱ्याला वाढले आणि दोघे खिडकीत बसून मनापासून जेवू लागली. काचेवर वाफ धरली. जाणारी माणसे थबकली. थोड्याच वेळात दारात सातआठ जणांचा घोळका जमला. पहिल्या दिवशीचे ते तरुण जोडपेही त्यात होते.

"त्या आजी खातायत ना, ते हवंय आम्हाला," तरुण म्हणाला. "कितीही महाग असू दे."

मालकाने मागे वळून पाहिले. एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि आता एकही रिकामी करता येणार नव्हती. तो अदबीने वाकला.

"माफ करा," तो म्हणाला, "तेजी आहे. जागा नाही."