आक्कासाहेबांस वेशीपलीकडे नेल्याची हकीकत

कुलस्वामिनीस दंडवत, वडीलधाऱ्यांस नमस्कार, वाचणाऱ्यास उदंड आयुष्य. शके सोळाशे शहाण्णव, जयनाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी, ते दिवशी दोन प्रहरी आमचे राज्यावर जो प्रसंग गुदरला तो लिहून ठेवावा ऐसी आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, राज्यास लाज आहे. आम्ही तेथील पावत्या लिहिणारे कारकून, आमचेही नाव नको. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले आहे, आणि जेथे राग आला तेथे राग लिहिला आहे.

तरी आधी राज्याची रीत सांगणे प्राप्त आहे. आमचे राज्यात माणूस एका ठिकाणाहून दुसरे ठिकाणी जावयाचा तर तीन कारखाने लागत. न्यावयाचा कारखाना घरापासून वेशीपर्यंत नेई, मग सोडावयाचा कारखाना वेशीपासून नदीपर्यंत सोडी, आणि नदीपलीकडे पोहोचवावयाचा कारखाना मुक्कामी पोहोचवी. तिघांच्या पालख्या वेगळ्या, भोई वेगळे, शिक्के वेगळे. दर हद्दीस बसलेल्या माणसाने खाली उतरावे, पुढल्या पालखीत बसावे, आणि आम्ही पावती लिहावी की अमुक माणूस धड स्थितीत मिळाला. हे का, म्हणोन कोणी विचारील तर थोरले महाराजांचे वेळेस तीन सरदारांस मान द्यावयाचा होता आणि काम एकच शिल्लक होते. मग त्याचे तीन तुकडे केले. पुढे सवयच जाहली, आणि कोणास त्यात काही वावगे वाटेना, आम्हासही वाटत नव्हते, हे खोटे कशास सांगा.

ऐसे चालले असता महाराजांची एकुलती कन्या आक्कासाहेब बाळंतपणास माहेरी आल्या होत्या. त्यांस पंचमीस सकाळी कळा सुरू जाहल्या आणि मूल पायाळू आहे ऐसे कळले. वाड्यातल्या सुइणींनी हात टेकले. पोटातले मूल फिरवणारा हात मुलखात एकच, नदीपलीकडे दीड कोसावर राहणारी बायजाक्का, आणि ती तर पाय मोडून खाटेवर पडलेली, तिला हलवणे नाही. मग महाराजांनी आज्ञा केली की आक्काला तिकडे न्या, आणि स्वतः देवघरात जाऊन बसले, कारण त्यांच्याने कळा ऐकवेनात. न्यावयाच्या कारखान्याचे दरोगे हैबतराव यांनी पालखी उचलवली आणि झपाट्याने वेशीपर्यंत आणली, आणि तेथे खाली ठेवली. सोडावयाची पालखी हजर होती, भोईही हजर होते, पण त्यांचे दरोगे अंताजीपंत जेवून वामकुक्षीस पडले होते आणि त्यांचा शिक्का त्यांचे उशाखाली होता. शिक्क्यावाचून पावती नाही आणि पावतीवाचून पालखी उचलावयाची नाही. जासूद धावला. ऊन ऐसे की वेशीचा दगड हाताला चटका देत होता.

सोबतची सुईण रडकुंडीस येऊन म्हणाली, "अहो, यांना आता उतरवून दुसरीकडे बसवाल तर माय आणि लेकरू दोन्ही हातचे जातील!" हैबतराव म्हणाले, "बाई, आमची हद्द वेशीपर्यंत. पुढे पाऊल टाकले तर अंताजीपंत आमचे नाक कापतील." तेव्हा पडद्याआडून आक्कासाहेब कडाडल्या, "हैबतराव, मी काय धान्याचे पोते आहे का वेशीत उतरवून ठेवायला?" हैबतरावांनी मुजरा केला आणि बोलले, "आक्कासाहेब, शिस्त मोडली तर उद्या कोणीही कोणासही कोठेही नेईल!" आक्कासाहेब म्हणाल्या, "मग नेऊ दे की, मेल्या!" आणि मग त्यांस ऐसी कळ आली की आमचे हातची लेखणी खाली पडली.

इतक्यात समुद्रकाठच्या इंग्रजांच्या वखारीतून आमचे राज्याचे दुभाषी नारबा शेणवी घोड्यावरून परत येत होते, ते वेशीत थबकले. काय प्रकार आहे ते आम्ही दोन शब्दांत सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "अरे, गेल्या महिन्यात वखारीतला साहेब तापाने बेशुद्ध पडला. दुसऱ्या साहेबाने एका खलाशास म्हटले, टेक हिम टू डॉक्टर, म्हणजे याला वैद्याकडे ने. खलाशाने साहेबास खांद्यावर टाकले आणि थेट डॉक्टराचे दारात नेऊन निजवले. त्या लोकांत मूल शाळेत न्यावयाचे तरी टेक, बायको देवळात न्यावयाची तरी टेक, चोर तुरुंगात न्यावयाचा तरी टेक. दारापासून दारापर्यंत, एकच शब्द आणि एकच माणूस." हैबतराव चकित होऊन म्हणाले, "आणि मध्ये वेस लागली तर?" नारबा म्हणाले, "वेस ओलांडतात." हैबतरावांनी विचारले, "मग जबाबदारी कोणाची?" नारबा म्हणाले, "ज्याने उचलले त्याची. अहो, आपल्यातही नेणे म्हणजे हेच होते, तुम्ही लोकांनी त्याच्या चिंध्या केल्या!"

हे ऐकून हैबतरावांचे भोयांचा नाईक सिदोजी, जो आजवर दरोग्यापुढे ब्र काढीत नव्हता, त्याने खांद्यावरचे फडके कमरेस आवळले आणि म्हणाला, "उचलले तर मीच आहे. मग माझीच जबाबदारी. उचला रे!" हैबतराव आडवे जाहले. आक्कासाहेब आतून ओरडल्या, "सिदोजी, टेक!" आणि आठ भोयांनी पालखी उचलली आणि वेस ओलांडली, आणि खरे सांगतो, आभाळ कोसळले नाही. नारबा घोडा घेऊन पुढे वाट मोकळी करीत गेले, सुईण पालखीस धरून धावली, आणि आम्हीही धावलो, का धावलो ते ठाऊक नाही, पावत्यांचे दप्तर वेशीतच राहिले. नदीवर पोहोचवावयाच्या कारखान्याचा पहारेकरी पावती मागू लागला. सिदोजीने पालखी न टेकवता म्हटले, "बाजूला हो, नाहीतर तुझ्या अंगावरून जातो." तो बाजूला जाहला. उन्हाळ्याची नदी, गुडघ्याएवढे पाणी, तशीच पार केली आणि तशीच पालखी बायजाक्काचे अंगणातून घरात, तिचे खाटेशेजारी नेऊन ठेवली.

बायजाक्काने मोडका पाय तसाच लांब ठेवला, बाप्यांना शिव्या देऊन बाहेर घालवले, आणि दोन घटका हात चालवला. आम्ही सगळे कुडाबाहेर बसलो. सिदोजीचे खांदे सोलून निघाले होते, त्याचे त्यास भान नव्हते. मग आतून रडणे ऐकू आले, बारीक आणि संतापलेले, आणि आठही भोई लेकरांसारखे रडू लागले, आणि आम्हीही रडलो, सुटलो रे बाबा ऐसे म्हणोन रडलो. इतक्यात महाराज स्वतः घोडा फेकीत आले आणि उतरताच विचारले, "आक्का कशी आहे?" बायजाक्का आतून म्हणाली, "मला शिव्या देते आहे, म्हणजे झकास आहे. नात जाहली, महाराज. हात पुढे करा." महाराज उंबऱ्यातच बसले आणि नातीस मांडीवर घेतले.

त्याउपरि अंताजीपंत शिक्का घेऊन धापा टाकीत आले, मागे हैबतराव आले, आणि दोघांनी अर्ज केला की महाराज, पावती जाहली नाही, सबब दप्तराप्रमाणे आक्कासाहेब अद्याप वेशीतच बसल्या आहेत. महाराजांनी मान वर केली. आम्हास वाटले, आता दोघांची डोकी उडतात. पण महाराज हसले, त्या दिवसात पहिल्यांदा हसले, आणि म्हणाले, "बरे तर. वेशीत जी आक्का बसली आहे, तिला तुम्ही दोघे जन्मभर सांभाळा. आमची आक्का इथे आहे."

एकंदर हकीकत येणेप्रमाणे: गेल्या एक, आल्या दोघी, दोघीही सुखरूप. तिन्ही कारखाने त्याच महिन्यात मोडले. माणूस न्यावयाचे काम सिदोजीकडे आहे आणि दोघे दरोगे रोज दोन प्रहरी वेशीत रिकाम्या पालखीवर छत्री धरून उभे असतात. लेखनसीमा.