वर्ग ‘क’मधला ड्रॅगन

माणसाची किंमत तो गेल्यावर कळते म्हणतात. वस्तूची मात्र घर बदलताना कळते. कारण त्या दिवशी घरातला एक जबाबदार माणूस प्रत्येक वस्तूला ‘तुझा नेमका उपयोग काय?’ असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत तिच्यावर चिकटपट्टी मारतो. आमच्या घरात हा मान माझ्याकडे होता.

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. आम्ही गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करतो. आजवर लाखो दारं आमच्यामुळे नीट लागली (घरातलं बाथरूमचं सोडून). चिंचवडच्या भाड्याच्या घरातून मारुंजीच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, तेव्हा ही कामगिरी अडाणी हातांत सोपवणं मला शक्यच नव्हतं. मी कंपनीची अ-ब-क पद्धत घरी आणली.

वर्ग ‘अ’ म्हणजे ज्याच्यावाचून काम अडतं: माझा लॅपटॉप, माझं टेबल, माझी खुर्ची आणि आईचे देव. वर्ग ‘ब’ म्हणजे ज्याच्यावाचून जेवण अडतं. आणि वर्ग ‘क’ म्हणजे ज्याच्यावाचून कोणाचंच काही अडत नाही. त्यात लग्नाचा अल्बम, कपडे वाळत घालायची सायकल (घेतली होती व्यायामासाठी), जुने आकाशकंदील आणि खोका क्रमांक एकसष्ट होता. त्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘छंद साहित्य, ऋचा’.

ऋचा माझी पत्नी. ती फँटसी कादंबऱ्यांची मुखपृष्ठं रंगवते. ज्यांत तलवारी बोलतात आणि माणसं फारसं बोलत नाहीत, अशा त्या कादंबऱ्या. सहा वर्षांत तिने चौदा मुखपृष्ठं केली. त्यांत अकरा ड्रॅगन, चार किल्ले आणि नऊ राजकन्या (पैकी सात रागावलेल्या). एकाही पुस्तकावर तिचं नाव आलेलं नाही, तरी ती त्याला ‘काम’ म्हणते. मी कधी हरकत घेतली नाही. घरात शांतता राहावी म्हणून आपण बऱ्याच गोष्टींना बरंच काही म्हणतो.

पंधरावं मुखपृष्ठ नेमकं सामान हलवण्याच्या दिवशीच संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं. प्रकाशकांनी या वेळी शब्द दिला होता, की चित्र वेळेत आलं तर मागच्या बाजूला तिचं नाव छापू. नाही आलं तर संगणकाकडून एक ड्रॅगन काढून घेऊ. त्याला नाव लागत नाही आणि तो घरही बदलत नाही. चित्रातला किल्ला झाला होता, खजिन्याचा ढीग झाला होता. ढिगावर बसणारा ड्रॅगन तेवढा राहिला होता.

“गुरू, माझा रंगांचा डबा बाहेर ठेव हं,” ती आदल्या दिवशी म्हणाली. “तिकडे पोचल्या पोचल्या बसणार आहे मी.”

मी मान हलवली. पण तोंडी सूचना आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत. त्यासाठी तक्ता होता, आणि तक्त्यात ती कोणी भरलेली नव्हती.

टेम्पोत जे आधी भरावं ते शेवटी निघतं, म्हणून वर्ग ‘क’ आधी भरला. एकसष्ट नंबर केबिनच्या भिंतीला जाऊन टेकला. त्याच्यापुढे दिवाण, कपाट, वॉशिंग मशीन आणि उरलेला संसार लागला. इतका शिस्तीत भरलेला टेम्पो चिंचवडने पाहिला नसेल.

मारुंजीला पोचलो तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी उद्धवराव फाटकातच नियमावली घेऊन उभे होते. सामान वर नेण्याची वेळ दहा ते एक आणि चार ते सहा. मधले तीन तास रहिवाशांच्या विश्रांतीचे. मला हा माणूस बघताक्षणी आवडला. एकच्या ठोक्याला वर्ग ‘अ’ जागेवर होता. मी खुर्चीत बसून पाहिलं. (काम नव्हतं. मी रजेवर होतो.)

खाली आलो तर ऋचा अर्धवट चित्र पोटाशी धरून उभी. “माझे रंग कुठायत?”

“एकसष्ट,” मी तक्त्याकडे न बघता सांगितलं. सत्त्याऐंशी खोकी मला तोंडपाठ होती. याचं तिला काहीच कौतुक वाटलं नाही.

“म्हणजे कधी मिळणार?”

“चारनंतरच्या फेरीत, शेवटी. पावणेसहाच्या सुमारास.”

माझ्या हातातला तक्ता घेऊन तिने ‘छंद साहित्य’ हे शब्द वाचले आणि तक्ता परत दिला. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण लाज मोजायचं एकक उपलब्ध नसल्यामुळे तिची नोंद केली नाही.

“मेल्या, माझे देव एक दिवस खोक्यात बसले असते तर कोपले नसते,” आई म्हणाली. “हिचं काम अडलंय ते दिसत नाही तुला?”

तेवढ्यात हमालांचा मुकादम समाधान पुढे झाला. लातूरकडचा, पन्नाशीचा माणूस.

“सायेब, वर न्यायचं न्हाई म्हनलेत ते. खाली उतरवायचं न्हाई, असं कुटं लिवलंय?”

उद्धवरावांनी नियमावली दोनदा चाळली. लिहिलेलं नव्हतं. समाधानने आणि त्याच्या दोन माणसांनी माझी शिस्त पार्किंगमध्ये उतरवायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात एकसष्ट बाहेर काढला. “घ्या ताई, तुमचं काम,” तो म्हणाला. (खोक्यावर ‘छंद’ लिहिलं होतं. समाधानला वाचता येत होतं. तरीही.)

रिकाम्या टेम्पोत गादीच्या वळकटीवर बसून ऋचा रंगवू लागली. खोक्यांचे क्रमांक कोणी मागेपुढे करू नयेत म्हणून मी समोरच्या ढिगावर चढून तक्ता हातात घेऊन बसलो. चार वाजेपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही. ती मधूनमधून मान वर करून माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटलं, राग गेला असावा. पाच बावन्नला तिने चित्राचा फोटो प्रकाशकांना पाठवला.

मी त्याच दिवशी तक्त्यात एकसष्टपुढचा ‘क’ खोडून ‘अ’ केला. खोका तोवर रिकामा झाला होता.

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. ढिगावर ड्रॅगन बसलाय, नाक वर, एका पंजात कागदाची सुरळी. स्वतःला काही वापरायचं नाही पण दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, हा भाव फार सुरेख उतरलाय. “याला मी कुठंतरी बघितलंय गं,” आई म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मागच्या बाजूला ऋचाचं नाव होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं, दोनदा.

मी पुस्तक कंपनीत नेलं आणि चाळीस जणांना दाखवलं. “ड्रॅगन जबरदस्त, राव!” म्हणणारे सदतीस. ड्रॅगनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघणारे तीन. पुस्तक उलटून चित्र कोणी काढलं ते बघणारे शून्य. आयुष्यभर मी शून्याच्या मागे धावलो. आमच्या विभागात शून्य दोषांसाठी पेढे वाटतात. हे पहिलं शून्य, ज्याने मला वाईट वाटलं.

तुम्ही मघापासून मला हसताय. हसा. फक्त, सध्या तुमच्या उशाशी जे पुस्तक आहे त्याचं मुखपृष्ठ कोणी केलं, तेवढं सांगा. उलटून बघायचं नाही.

नाही येत? मग या वर. ढिगावर जागा भरपूर आहे.